कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन: कुणाला, कोणतं आणि घ्यायचं कसं

‘रोजच्या गोळ्यांचा कंटाळा आलाय, त्यापेक्षा ते नवीन इंजेक्शन घेतलं तर चालेल का?’ कोलेस्टेरॉलच्या इंजेक्शनबद्दलचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. ही इंजेक्शनं गोळ्या सोडवण्यासाठी नसून गोळ्यांचं काम जिथे अपुरं पडतं तिथून पुढे नेण्यासाठी आहेत. गोळ्या खरोखरच सोसत नाहीत असे लोक असतात, त्यांचा विषय खाली वेगळा घेतला आहे. पण आधी हे पक्कं करू या: सुई टोचणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या आधी असतो, खरंच गरज आहे का हे ठरवण्याचा. आणि त्याच्या नंतरही असतो, वर्षानुवर्षं ते चालू ठेवण्याचा.

आणखी एक घोळ इथेच मिटवून टाकू. वजन आणि मधुमेहासाठीची आठवड्याची इंजेक्शनं वेगळी. त्यांनी वजन उतरलं की कोलेस्टेरॉलमध्ये थोडा फरक पडतो, पण ती एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी करण्याची औषधं नाहीत. हा लेख त्यांच्याबद्दल नाही.

हे औषध शरीरात करतं काय

एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते रक्तातून उचलण्याचं मुख्य काम यकृत करतं. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडणारे रिसेप्टर असतात. रिसेप्टर कण पकडतो, पेशीच्या आत नेऊन सोडतो आणि परत वर येऊन पुढचा कण पकडतो. एक रिसेप्टर अशा शंभराहून अधिक फेऱ्या करू शकतो. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते या रिसेप्टरवरच्या कामासाठी.

यकृतच पीसीएसके-९ नावाचं एक प्रथिनही तयार करतं. ते रिसेप्टरला चिकटलं की तो परत वर येत नाही, पेशीच्या आतच त्याची विल्हेवाट लागते. पीसीएसके-९ जास्त, म्हणजे रिसेप्टर कमी, म्हणजे रक्तात एलडीएल जास्त. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन अतिसक्रिय झाल्यामुळे पिढीजात कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं. मग हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट बाजूने शोध घेतला: ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतः कमी आहे, त्यांचं काय होतं? २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की अशा आफ्रिकन-अमेरिकन लोकांत एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार तब्बल ८८ टक्क्यांनी. २८ टक्क्यांच्या घटीने ८८ टक्के फायदा कसा? कारण ती घट जन्मापासूनची होती. एलडीएल किती आहे याइतकंच ते किती वर्षं तसं आहे हेही मोजायचं असतं, ही गोष्ट पुढे सगळीकडे लागू पडेल.

आणखी एक बारकावा. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी यकृतावरचे रिसेप्टर वाढवते, पण त्याच वेळी पीसीएसके-९ सुद्धा वाढवते. म्हणजे एका हाताने दिलेलं थोडं दुसऱ्या हाताने परत घेते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम ६ टक्क्यांनी आणखी उतरतं, त्यामागे हेही एक कारण. आणि इंजेक्शन नेमकं तिथेच अडवतं. म्हणून ही दोन औषधं एकमेकांना पर्याय नाहीत, जोडीदार आहेत.

पायरी पहिली: तुमचा आकडा आणि तुमचं लक्ष्य

रिपोर्टमध्ये ‘टोटल कोलेस्टेरॉल’ ठळक अक्षरांत असतं म्हणून लोक तेच वाचतात. इंजेक्शनचा निर्णय त्यावर होत नाही, तो एलडीएलवर होतो. आणि रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा तुमच्यासाठी नसते. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्याचं एलडीएल ९५ असेल, तर छापील मर्यादेत ते बसतं आणि तरीही ते जास्त असतं.

युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, झटका, स्टेंट, बायपास, मेंदूचा पक्षाघात असा इतिहास असलेल्या अतिजोखमीच्या माणसाचं एलडीएल ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावं आणि मूळ पातळीच्या निम्म्याने तरी उतरलेलं असावं. पूर्ण औषध चालू असताना दोन वर्षांच्या आत दुसरी घटना घडली, तर ४० च्या खालचं लक्ष्य विचारात घेतलं जातं. जास्त जोखमीच्या माणसासाठी ७०. वेगवेगळ्या देशांच्या सूचनांत थोडा फरक असतो, त्यामुळे ‘माझ्यासाठी लक्ष्य किती?’ हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लक्ष्यच माहीत नसेल, तर औषध पुरतं आहे की नाही हे ठरवायचं कशावरून?

तपासणीची वेळही महत्त्वाची. हृदयविकाराचा झटका, मोठं ऑपरेशन किंवा तीव्र आजारपण यांच्यानंतरच्या दिवसांत एलडीएल आपोआप खाली येतं. त्या काळातला छान दिसणारा रिपोर्ट फसवा असतो.

पायरी दुसरी: गोळ्यांचा हिशोब पूर्ण झाला का?

इथे घाई करू नका. इंजेक्शनपर्यंत पोहोचलेल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत खरी अडचण गोळी कमी पडते ही नसते. गोळी अर्ध्या डोसची असते, किंवा आठवड्यातून तीनच दिवस पोटात जात असते.

हिशोब असा मांडा. समजा औषधाविना एलडीएल १८० आहे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम या तीव्र डोसने ते साधारण निम्म्यावर, म्हणजे ९० वर येतं. त्यात इझेटिमाइबची १० मिलिग्रॅमची गोळी घातली की उरलेल्यातलं आणखी २० टक्के जातं: ७२. लक्ष्य ७० असेल, तर तुम्ही दारात उभे आहात. लक्ष्य ५५ असेल आणि दोन्ही गोळ्या नीट घेऊन झाल्या असतील, तर आता इंजेक्शनची वेळ आली. त्याने उरलेल्यातलं ५० ते ६० टक्के उतरतं, म्हणजे ७२ चे २९ ते ३६. हाच हिशोब १८० ऐवजी २६० पासून करून पाहा. दोन गोळ्यांनंतरही ते १०० च्या वर राहतं. आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाल्यांना इंजेक्शन लवकर का लागतं ते यावरून कळेल.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची पूर्ण रक्ततपासणी) केलं असेल, तरच हा हिशोब खरा. शिवाय एलडीएल अनपेक्षित वर असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी, लघवीतून प्रथिनं जातात का, यकृताचे रिपोर्ट कसे आहेत, स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिनसारखं औषध चालू आहे का, हे पाहून घ्यायला हवं. मंदावलेल्या थायरॉइडमुळे वाढलेलं एलडीएल थायरॉइडच्या गोळीने उतरतं, त्याला इंजेक्शन कशाला?

आता स्टॅटिन सोसत नाही म्हणणाऱ्यांबद्दल. स्नायू दुखणं खरं असतं, ते कुणी मनाने रचत नाही. पण दुखण्याचं कारण दर वेळी गोळीच असेल असं नाही. २०२० मध्ये सॅमसन नावाचा एक छोटा पण फार हुशारीने रचलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून पालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं गेलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्यातला सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. म्हणून सोडण्याआधी दुसरं स्टॅटिन, कमी डोस, एक दिवसाआड गोळी असे प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून पाहा. दुखणं तीव्र असेल, लघवी गडद रंगाची होत असेल किंवा रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य) बरंच वाढलं असेल, तर मात्र प्रयोग नकोत, गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. या सगळ्यातून जाऊनही सोसत नाही असे काही लोक उरतातच. त्यांच्यासाठी बेम्पेडोइक आम्लाची गोळी आहे, आणि इंजेक्शनही आहे.

पायरी तिसरी: कोणतं इंजेक्शन?

नावं भारदस्त असली तरी रोजच्या वापरातले प्रकार दोनच.

पहिला प्रकार अँटिबॉडीचा: अ‍ॅलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब. दोघांनाही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची (एफडीए) मान्यता २०१५ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने मिळाली. रक्तात फिरणारं पीसीएसके-९ ही औषधं पकडून ठेवतात. अ‍ॅलिरोक्युमॅब दर दोन आठवड्यांनी ७५ किंवा १५० मिलिग्रॅम, नाहीतर दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम. इव्होलोक्युमॅब दर दोन आठवड्यांनी १४० किंवा महिन्यातून एकदा ४२० मिलिग्रॅम. हे ४२० म्हणजे १४० ची तीन पेनं (औषध आणि सुई आतच असलेली, बटण दाबून टोचायची साधनं) असतील, तर ती अर्ध्या तासाच्या आत एकापाठोपाठ घ्यायची, दोन आज आणि एक उद्या असं नाही.

दुसरा प्रकार इन्क्लिसिरानचा. युरोपात २०२० च्या अखेरीस आणि अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस मान्यता. हे औषध प्रथिन पकडत बसत नाही, यकृताच्या पेशीत शिरून ते तयार होण्याची सूचनाच मोडून टाकतं. २८४ मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक. हे घरी घ्यायचं नसतं, दवाखान्यात नर्स किंवा डॉक्टर देतात.

निवड कशी करायची? एलडीएल उतरवण्याच्या ताकदीत अँटिबॉडी किंचित पुढे: साधारण ६० टक्के, इन्क्लिसिरान सुमारे ५०. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुरावा. इव्होलोक्युमॅबची फूरियर चाचणी २०१७ मध्ये आली, २७,५६४ रुग्ण, सगळे आधीपासून स्टॅटिनवर. एलडीएल ९२ वरून ३० वर आलं आणि झटका, पक्षाघात, हृदयमृत्यू, छातीदुखीमुळे भरती आणि स्टेंट-बायपास या सगळ्या घटना मिळून १५ टक्क्यांनी घटल्या. २०१८ मध्ये अ‍ॅलिरोक्युमॅबच्या ओडिसी आउटकम्स चाचणीतही, नुकत्याच हृदयाच्या तीव्र त्रासातून उठलेल्या १८,९२४ जणांत, घट १५ टक्केच. इन्क्लिसिरानला मान्यता मिळाली ती एलडीएल उतरतं या पुराव्यावर, झटके टळतात या नव्हे. हा फरक डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्यासारखा आहे.

दुसऱ्या पारड्यात वर्षातून दोन सुया विरुद्ध सव्वीस. विसराळू माणसाला, हात थरथरणाऱ्याला, सतत प्रवासात असणाऱ्याला हा फरक लहान नाही. जे औषध नियमित घेतलं जाणार नाही त्याच्या साठ टक्क्यांपेक्षा नियमित मिळणाऱ्या औषधाचे पन्नास टक्के मी केव्हाही बरे मानेन. पण याची दुसरी बाजू अशी की इन्क्लिसिरानचा परिणाम अनेक महिने टिकतो, टोचल्यावर तो मागे घेता येत नाही. अँटिबॉडी थांबवली तर काही आठवड्यांत एलडीएल मूळ पातळीकडे परततं. बाळाचा विचार चालू असलेल्या स्त्रीने हे आधी डोक्यात घ्यावं. दोन्ही प्रकार एकत्र घेण्यात अर्थ नाही, कारण दोघांचं लक्ष्य एकच. अँटिबॉडीवरून इन्क्लिसिरानवर जायचं असेल, तर अँटिबॉडीच्या शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांच्या आत पहिलं इंजेक्शन घेतलं की मधल्या काळात एलडीएल वर जात नाही.

दोन विशेष परिस्थिती थोडक्यात. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेल्या मोजक्या रुग्णांत एलडीएल रिसेप्टर जवळपास चालतच नाहीत, त्यांना पीसीएसके-९ अडवून फारसं मिळत नाही. त्यांच्यासाठी इव्हिनाक्युमॅब आहे, दर चार आठवड्यांनी शिरेतून सलाइनसारखं दिलं जाणारं, जे रिसेप्टरवर अवलंबून नाही. आणि ज्यांचं मुख्य दुखणं ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) आहे, त्यांना वरच्या इंजेक्शनांचा उपयोग थोडाच. तो वेगळा आजार, वेगळी औषधं.

पायरी चौथी: सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

गर्भारपण, त्याचा विचार किंवा अंगावर दूध पाजत असणं. पूर्वी कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा ओठ-चेहरा सुजला असेल तर ते. रबराची, म्हणजे लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर तीही, कारण काही पेनांच्या सुईवरच्या आवरणात लॅटेक्सपासून केलेलं रबर असू शकतं. चालू औषधांची यादी द्याच, मात्र एक दिलासा आहे: ही औषधं यकृतातल्या नेहमीच्या औषध-विघटनाच्या मार्गाने जात नाहीत, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक यांच्याशी त्यांची सहसा झटापट होत नाही. आणि पहिलं इंजेक्शन घेण्याआधी एक ताजा लिपिड रिपोर्ट हातात ठेवा. तो नसेल, तर औषधाने किती उतरलं हे पुढे कधीच नीट सांगता येत नाही.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष टोचणं

हे वर्णन अँटिबॉडीच्या पेनाचं आहे. कंपनीनुसार रंग आणि बटणं बदलतात, तेव्हा खोक्यातला कागद एकदा पूर्ण वाचा आणि पहिला डोस शक्यतो दवाखान्यात, कुणी जाणतं समोर असताना घ्या.

पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, मूळ खोक्यातच ठेवायचं, म्हणजे उजेड लागत नाही. फ्रीझरच्या कप्प्याला किंवा मागच्या बर्फाळ भिंतीला टेकवून नको. एकदा गोठलेलं पेन वितळलं तरी फेकायचंच. फ्रिजबाहेर २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ते साधारण ३० दिवस टिकतं, पण बाहेर काढलेलं परत आत ठेवायचं नाही. खोक्यावर बाहेर काढल्याची तारीख लिहून टाका, दोन आठवड्यांनी ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. विमानाने जाताना पेन हातातल्या बॅगेत घ्या, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

टोचायच्या आधी पेन बाहेर काढून अर्धा ते पाऊण तास टेबलावर तसंच पडू द्या. पहिल्यांदा घेणारे हमखास इथे घाई करतात आणि मग इंजेक्शन फार झोंबलं म्हणून तक्रार करतात. थंड औषध जास्त झोंबतं, एवढंच. गरम पाण्यात धरणं, मायक्रोवेव्ह, ऊन हे काहीही नको. पेन हलवूही नका. टोपण अजून काढायचं नाही.

खिडकीतून औषध पाहा. स्वच्छ, रंगहीन ते फिकट पिवळसर चालेल. गढूळ, गडद किंवा कण दिसणारं नको. मुदतीची तारीख वाचा. हात साबणाने धुवा.

जागा तीन: पोट, मांडीचा पुढचा-वरचा भाग, दंडाची मागची बाजू. पोटावर बेंबीभोवती पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटांच्या रुंदीहून थोडी जास्त जागा सोडायची. दंडावर स्वतः टोचणं जमत नाही, त्याला दुसरं कुणी लागतं, म्हणून एकट्याने घेणाऱ्यासाठी पोट किंवा मांडी. दर वेळी जागा बदला. जिथे त्वचा लाल, कडक, खरचटलेली किंवा व्रणाची आहे तिथे नको. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून जागा हवेवर पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर सुई गेली की झोंबतं, आणि दोष औषधाला जातो.

आता टोपण सरळ ओढून काढा, पिळू नका. टोपण काढल्यावर पाच मिनिटांच्या आत टोचायचं, आणि काढलेलं टोपण परत लावायचं नाही. त्वचा एका हाताने ताणून धरा किंवा चिमटीत पकडा आणि पेन काटकोनात टेकवून घट्ट दाबा. पेनाच्या टोकाचं संरक्षक आवरण पूर्ण आत जाईपर्यंत दाबायचं. हे पुरतं दाबलं गेलं नाही तर बटण चालतच नाही, आणि माणूस घाबरून पेन उचलतो. मग बटण दाबा. ‘टक’ असा आवाज येईल. तिथे संपलं असं समजू नका, ती सुरुवात आहे. पेन हलवायचं नाही, उचलायचं नाही, मनात वीसपर्यंत सावकाश मोजायचं. खिडकीचा रंग हळूहळू सरकत पूर्ण पिवळा झाला की डोस गेला. मग पेन सरळ वर उचला.

पेन उचलल्यावर खिडकी पिवळी नसेल किंवा कातडीवरून औषधाचा ओघळ जाताना दिसला, तर पूर्ण डोस गेलेला नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी स्वतःच्या मनाने दुसरं पेन टोचू नका, डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला विचारा. रक्ताचा एखादा थेंब आला तर काळजीचं नाही, कापूस धरा, चोळू नका. वापरलेलं पेन जाड प्लॅस्टिकच्या, सुई आरपार जाणार नाही अशा बंद डब्यात टाकायचं, घरच्या कचऱ्यात उघडं नको.

डोस चुकला तर

अँटिबॉडीचा नियम सोपा आहे: सात दिवसांच्या आत आठवलं तर तेव्हाच घ्या आणि पुढचा डोस मूळ तारखेलाच. सात दिवस उलटले आणि तुमचा डोस दर दोन आठवड्यांचा असेल, तर चुकलेला सोडून द्या, पुढच्या तारखेला घ्या. डोस महिन्याचा असेल, तर आठवेल त्या दिवशी घ्या आणि तिथून नवं वेळापत्रक धरा. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीच नाहीत.

इन्क्लिसिरान ठरलेल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत चुकलं असेल, तर घेऊन जुनंच वेळापत्रक चालू. त्याहून उशीर झाला तर पहिल्यापासून: एक, तीन महिन्यांनी दुसरं, मग सहामाही. सहा महिन्यांच्या अंतराची गंमत अशी की ते विसरायला फार सोपं असतं. पुढची तारीख दवाखान्यातून निघण्यापूर्वीच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि घरातल्या आणखी कुणाच्या तरी फोनमध्येही.

परिणाम कधी मोजायचा

अँटिबॉडी सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. महिन्याचा डोस असेल, तर रक्त पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी द्या. महिन्याच्या शेवटी परिणाम थोडा ओसरतो, आणि आपल्याला तो सर्वांत कमकुवत क्षणच पाहायचा असतो.

रिपोर्टबद्दल एक तांत्रिक पण कामाची गोष्ट. बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, टोटलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. टोटल ११०, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १९० असेल, तर ११० वजा ४५ वजा ३८, म्हणजे २७. इतक्या खालच्या आकड्यांवर ही वजाबाकी चुकू शकते, विशेषतः ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना. आकडा विचित्र वाटला तर थेट मोजलेलं एलडीएल किंवा अपो-बी (एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन) तपासून घ्या.

एलडीएल अपेक्षेइतकं उतरलंच नाही तर औषध निकामी ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहा: डोस खरोखर गेला का (त्या पिवळ्या खिडकीची आठवण ठेवा), पेन कधी गोठलं किंवा तापलं होतं का, आणि इंजेक्शन सुरू झालं म्हणून कुणी गुपचूप स्टॅटिन बंद केलं का. तिसरं कारण फार वेळा निघतं.

त्रास आणि भीती

सर्वांत जास्त दिसणारा त्रास टोचल्या जागचा: लाली, दुखरेपणा, निळसर डाग. फूरियरमध्ये तो २ टक्क्यांच्या आसपास होता, ओडिसीत ४ च्या आसपास, इन्क्लिसिरानच्या चाचण्यांत सुमारे ८. दोन-चार दिवसांत जातो. सर्दी-घसा, पाठदुखी, सांधेदुखी अशा तक्रारीही नोंदल्या गेल्या आहेत. पण अंगभर गांधी, ओठ-जीभ-चेहऱ्यावर सूज, श्वास लागणं असं काही झालं तर वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा आणि पुढचा डोस थांबवा.

भीती मात्र वेगळ्याच गोष्टीची असते: एलडीएल २५-३० वर आलं, मेंदूला कोलेस्टेरॉल पुरणार कसं? मेंदू स्वतःला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, रक्तातल्या एलडीएलवर तो विसंबून नाही. फूरियरच्याच काही रुग्णांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती खास चाचण्यांनी मोजली गेली, औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत फरक आढळला नाही. पुढे काही जणांचा आठ वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला, त्यातही खूप खालच्या एलडीएलमुळे नवा धोका दिसला नाही. तेव्हा रिपोर्टवर ‘लो’ असा शेरा पाहून घाबरून डोस टाळू नका. औषध कमी करायचं असेल, तर आधी कोणतं कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील.

किती दिवस चालू ठेवायचं

जोवर जोखीम आहे तोवर, म्हणजे बहुतेकांसाठी कायम. हे ऐकून चेहरे पडतात, ते स्वाभाविक आहे. पण एलडीएल लक्ष्यावर आलं म्हणून औषध थांबवणं म्हणजे छत्रीमुळे कोरडं राहिलो म्हणून भर पावसात छत्री मिटणं. आहार, चालणं, तंबाखू सोडणं, रक्तदाब आणि साखर यांना इंजेक्शन पर्याय नाही, कारण ही सगळी जोखीम एलडीएलच्या वाटेने येत नाही.

खर्चाचा विचार पहिल्याच भेटीत करा, सहाव्या महिन्यात नाही. विमा किंवा सरकारी योजना काय अटी घालते, दर वर्षी कोणते कागद नव्याने मागते, हे सुरू करण्याआधी समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी स्टॅटिन आणि इझेटिमाइब घेऊनही एलडीएल वर राहिल्याचे तारखांसह रिपोर्ट मागतात. म्हणून जुने रिपोर्ट टाकू नका, पहिल्या औषधाविनाच्या आकड्यासकट.

आणि तो पहिला आकडा १९० किंवा त्याहून वर असेल, टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर किंवा बोटांच्या सांध्यांवर घट्ट गाठी असतील, किंवा घरात कुणाला तरुणपणी झटका आला असेल, तर प्रश्न तुमच्या एकट्याचा राहत नाही. आनुवंशिक कोलेस्टेरॉल साधारण दर २५० माणसांत एकाला असतं आणि आईवडिलांपैकी एकाला असलं तर प्रत्येक मुलात ते येण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात भावंडांची आणि मुलांची लिपिड तपासणी लवकर करून घ्या, लहान मुलांचीही. त्यांना इंजेक्शनच लागेल असं नाही, वेळेवर सुरू केलेली साधी गोळी बहुतेकांना पुरते.